ठरावातली कमर

ग्रामपंचायतीच्या ठरावात ज्यांची कमर नोंदवली गेली, असे अख्ख्या भारतवर्षात एकच गृहस्थ असतील आणि ते माझे मोठे साडू आहेत. सहा फूट उंची, खांद्यावर कायम ओला दुपट्टा आणि तोंडातून निघणारा पहिला शब्द ‘नाही’. चहा घेणार का विचारा, नाही म्हणतील आणि दोन कप पितील. माझ्या लग्नात फोटोवाल्याने जरा वाका म्हटले, तर त्यालाही नाही म्हणाले; त्यामुळे आमच्या अल्बमात साडूभाऊ फक्त मानेपर्यंत आहेत. केशोरीकडच्या त्यांच्या गावी जायला फुलचूरहून निघताना मी बायकोला बजावून ठेवतो की तिथे काही विचारायचे नाही, नुसते सांगायचे.

त्यांच्या घरी मासोळी शिजत नाही. लहानपणी घशात काटा अडकला, तेव्हापासून बंदी. माझी मेव्हणी बिचारी शेजारच्या मासेमार ढीवरीण बाईच्या चुलीपाशी बसून खाऊन येते, आणि ती दारात पाय ठेवते न ठेवते तोच हे ओसरीवरून सांगतात की आज मरळ होती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून नुसत्या बुडबुड्यांवरून दाडक मासा कुठे आणि बोटरी कुठे हे ओळखणारा हा माणूस. मी एकदा विचारले की खात नाही तर एवढी माया कशाला. म्हणाले, “खात नाही म्हनून तर मासोळीचा माह्यावर भरोसा आहे.”

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गावचा तलाव मे महिन्यात तळाला गेला. उन्हाळी धानासाठी दोन्ही काठांनी पंप लागले होते, आणि एका आठवड्यात सगळी मासोळी चिखलात उताणी पडली. गावभर वास सुटला. ढिवरांचे वर्ष गेले. शेजारीण बाई पाळीवर येऊन बसली, रडली नाही, कोणाला बोलली नाही, नुसती बसून राहिली. साडूभाऊंचाही एक पंप त्या काठावर होता. ते त्यांनी कोणापासून लपवले नाही, पण त्या दिवसापासून बाईच्या घरासमोरून जाताना त्यांची मान खाली असायची, आणि त्यांची मान खाली गेलेली मी तरी दुसऱ्या कशाने पाहिलेली नाही.

पुढे वरून पत्र आले की मासोळी जगेल इतके पाणी प्रत्येक तलावात राखावे, त्याखाली पंप लावू नये, आणि पातळी ग्रामसभेने ठरवावी. खुणेचा खांब खात्याकडून लवकरच येणार होता. तो अजून येतोच आहे. ग्रामसभेत कोणीतरी म्हणाले की कमरेइतके पाणी ठेवा, पुरते. सगळ्यांनी हात वर केले आणि मग प्रश्न निघाला की कोणाच्या कमरेइतके. सरपंचबाई जेमतेम पाच फुटांच्या. त्यांच्या कमरेवर पंपवाले खूश होते. तेव्हा साडूभाऊ उठून उभे राहिले, आणि पंचायतीचे सदस्य म्हणून त्यांचीच कमर धरावी असे ठरले. तलावाच्या तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या दगडी दारापाशी, शेवटच्या पायरीवर उभे राहून मोजायचे. मी नंतर सुचवले की एखादा दगड रोवला असता तर. “दगड कोनी बी सरकवते,” ते म्हणाले. “मले कोन सरकवन?”

मग रोज सकाळी हे त्या पायरीवर उभे. पाळीवरून लोक हाक मारून विचारायचे, साडूभाऊ हात वर करून कमरेवर किती पाणी ते बोटांनी दाखवायचे. एप्रिल संपता संपता पाणी कमरेला टेकले. त्यांनी पहिला पंप उचलला तो स्वतःचा. धान लोंबीवर आलेले होते, आणखी दहा दिवस पाणी मिळाले असते तर दाणा भरला असता. त्यांचा धाकटा भाऊ पाळीवर धावत आला. त्याचेही धान तिथेच होते. तो आधी विनवत होता, मग चिडला, आणि शेवटी त्याने तोडगा काढला.

“दादा, थोडासा वाकून उभा राह्य ना. काऊन एवढा ताठून राहिला?”

“वाकत नाही,” साडूभाऊ म्हणाले, आणि दोन्ही भावांचे धान पोचट गेले.

तालुक्याहून साहेब आले. शासकीय माप मीटरमध्ये असते, कमरेत नसते, असे त्यांनी समजावले. साडूभाऊ पाण्यात उभे राहूनच ऐकत होते. म्हणाले, “तुमचा मीटर घेऊन या जी. तोवर मी हाओ.” साहेब हसले, चहा पिऊन गेले. तलाव कमरेखाली गेला नाही. पावसाळ्यानंतर शेजारीण बाई हातभर लांबीची मरळ घेऊन दारात आली. साडूभाऊ सवयीने नाही म्हणाले. मग त्यांनी मेव्हणीला सांगितले की आज आपल्याच चुलीवर कर, आणि स्वतः ओसरीवर जाऊन बसले.

यंदाच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांना पाहून चरकलो. गुडघ्यांनी दगा दिला होता. काठी घेऊन, पाय दुमडल्यासारखे चालत होते. धाकट्या भावाने हे आमच्या आधीच हेरले होते. ठरावात दादाची कमर आहे, ती आता वीतभर खाली आली, तेव्हा वीतभर पाणी आमचे, असे तो म्हणाला, आणि कागदावर त्याचे खरेच होते. सगळा गाव पाळीवर जमला. ग्रामसेवक खूण करायला लाल रंगाचा डबा घेऊन आले. “रंग खरडता येते,” साडूभाऊ म्हणाले. “गवंड्याले बोलवा. छिन्नी आनाले सांगा.”

काठी माझ्या हातात देऊन ते पायरीवर उतरले. तुडुमाचा दगड दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू सरळ होऊ लागले. गुडघे थरथरत होते, डोळ्यांतून पाणी येत होते. पूर्ण सहा फूट झाले तेव्हा पाणी बरोबर कमरेला होते. “मार रेघ,” ते म्हणाले. गवंडी ठोकत राहिला आणि ते ताठ उभे राहिले. रेघ पुरी झाल्यावर खाली बसणार इतक्यात धाकटा भाऊ कपड्यांनिशी पाण्यात उतरला आणि त्याने त्यांना मागून धरले.

बाहेर आल्यावर माझ्याकडून काठी घेत ते म्हणाले, “आता मी नसलो तरी चालन.” या खेपेला मला नाही म्हणावेसे वाटले. रेघ तिथे आहे. साडूभाऊ अजूनही रोज सकाळी त्या पायरीवर उतरतात, आणि आता रेघेइतके पाणी त्यांच्या छातीला लागते.