सॅक्सोफोन, पातळी पहिली

आमच्या घरात सॅक्सोफोनची शिकवणी लावणारा मी पहिला माणूस. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, हे वाद्य चाळीस वर्षं वाजवलं, पण करमाडच्या पट्ट्यात त्याला कोणी शिकणं म्हणत नव्हतं. त्याला बँडवाल्याचं काम म्हणायचे.

मला त्या कामाची लाज वाटायची. आता सांगून टाकतो, लपवून काय उपयोग. वाळूजला कंपनीत लागलो, मालाच्या तपासणी खात्यात टेबल मिळालं, आणि डोक्यात हवा गेली. स्वतःच्या लग्नात मी आबांना म्हणालो, "तुम्ही वाजवायचं नाही. नवरदेवाचे वडील तुम्ही, खुर्चीवर बसा." त्यांनी नवा सफारी घातला आणि बसले. वरातीला दुसऱ्या गावचा बँड आणला होता. तो इतका बेसूर की आबा प्रत्येक गाण्याला दाढ दुखल्यासारखं तोंड करत होते. (अल्बममधल्या सगळ्या फोटोंत ते तसेच आहेत. माझ्या सासरच्यांना अजून वाटतं, त्यांना सून पसंत नव्हती.)

कंपनीनं मला मुदतीआधी घरी पाठवलं. तीन आठवडे मी बजाजनगरच्या घरात डब्यांची झाकणं नीट बसतात का ते तपासत होतो. चौथ्या आठवड्यात बायको, मंगल, म्हणाली, "कुठंतरी जा, काहीपण शिका, पण माझ्या स्वयंपाकघरातून निघा." त्याच दिवशी गारखेड्यात बोर्ड दिसला: 'सॅक्सोफोन व जॅझची खाजगी शिकवणी. सर्व वयांसाठी, सर्व पातळ्यांसाठी.'

तिथले निनाद सर माझ्या निम्म्या वयाचे. त्यांनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: घरात कोणी वाद्य वाजवतं का? मी लिहिलं, 'नाही.' पेन जरासुद्धा अडलं नाही. लई सराईत माणूस मी.

पहिल्या पातळीत आम्ही तिघं. दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई, नऊ वर्षांची इरा, आणि मी. इरा मला म्हणायची, "काका, गाल फुगवू नका. फुगा नाहीये तो." वाद्य मात्र माझं सगळ्यांत भारी होतं, कारण ते आबांचं होतं. दुरुस्तीला नेतो असं सांगून गावाकडच्या पेटीतून काढून आणलं होतं. सरांना सांगितलं, पुण्याहून जुनं घेतलंय. सरांनी झिजलेल्या चाव्यांवरून बोट फिरवलं. "कोणीतरी फार जीव लावून वाजवलंय हो हे."

"असेल कोणीतरी," मी म्हणालो.

पुढं आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं राहायला आले. मी बाथरूमचं दार लावून सराव करायचो, पंधरा दिवस जॅझचा तोच एक तुकडा. आबा बाहेर खुर्चीवर काळा चष्मा लावून बसलेले. स्वतःचं वाद्य त्यांनी पहिल्या फुंकरीलाच ओळखलं असेल असं मला वाटलं होतं, पण ते काही बोलेनात. मीच एकदा विचारलं, "आबा, कसं वाटतं?"

"काय?"

"मी वाजवतो ते."

"मला कुठं ऐकू येतंय. चाळीस वर्सं कानापाशी ढोल व्हता."

विषय संपला. खरं सांगतो, मला सरांची शाबासकी नकोच होती. आबांनी एकदा कुणापाशी तरी म्हणावं, 'हे माझं पोरगं वाजवतंय', एवढंच पाहिजे होतं. ज्यानं बापाला स्वतःच्या लग्नात वाजवू दिलं नाही, त्यानं हे मागावं! निर्लज्जपणालाही पातळ्या असतात, आणि तिथं मी बराच वरच्या वर्गात होतो.

एका रविवारी सकाळी सरांनी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठेवला. आबांना मी घरीच ठेवणार होतो, पण मंगल त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावून रिक्षातून घेऊन आली. दारात सरांनी विचारलं, "हे कोण?" मागं डॉक्टरीणबाई, इराचे आईवडील, सगळी शिकलेली मंडळी उभी. माझ्या तोंडून निघालं, "गावाकडचे पाहुणे."

मंगलनं माझ्याकडं असं बघितलं, की हाताशी लाटणं नव्हतं म्हणून वाचलो. आबा सरळ पुढं बघत होते. यांना ऐकू येत नाही ते एक बरं, असं मला वाटलं.

माझी पाळी आली. स्टँडवर कागद, गळ्यात पट्टा, पट्ट्याला सॅक्सोफोन. अर्धा तुकडा बरा गेला. मग छताच्या पंख्यानं कागद उडवला आणि मी थांबलो. पुढचं काही म्हणजे काही आठवेना.

आता बँडचा एक नियम असतो. वरातीत कुणाचा दम तुटला, तर शेजारच्यानं तिथूनच उचलायचं. वरात थांबू द्यायची नाही, मग ती कुणाची का असेना. आबा उठले. स्टेजवर आले, माझ्या हातातलं वाद्य घेऊन तोंडाला लावलं, आणि मी जिथं सोडलं होतं बरोबर तिथून सुरू केलं. (म्हणजे बाथरूमच्या दाराआडून पंधरा दिवस सगळं नीट ऐकू येत होतं.)

अडचण एकच होती. पट्टा माझ्या गळ्यात होता आणि त्याचा हूक निघत नव्हता. दुसरी अडचण अशी, की आबांना एका जागी उभं राहून वाजवता येत नाही. जन्मभर चालत वाजवलेलं. ते निघाले, मग मलाही निघावं लागलं. स्टेजवरून खाली, खुर्च्यांच्या मधून, पुढं आबा आणि त्यांच्या छातीपाशी मान वाकडी करून मी, बाजाराला चाललेल्या बोकडासारखा.

"आबा, थांबा ना! पट्टा!"

ते कशाचे थांबतात. जॅझ तिसऱ्या रांगेपर्यंत जॅझ राहिलं, पुढं त्याला वरातीची चाल आली. डॉक्टरीणबाईंनी रुमाल काढून हवेत फिरवला. इरा पुढं होऊन नाचायला लागली. मंगल टाळ्या पिटत होती, आणि तिला इतकं खूश मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. वरात दाराबाहेर पडून पार रस्त्यापर्यंत गेली. एका रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेऊन मला विचारलं, "चचा, दुल्हा किधर है?"

तुकडा संपला तेव्हा कुठं आबा थांबले. सर धावत आले, माझ्या गळ्यातला पट्टा सोडवला, मान शाबूत आहे का ते न विचारता थेट आबांच्या पाया पडले.

"कुठं शिकलात हो आजोबा?"

"वरातीत."

"हे वाद्य यांनी पुण्याहून आणलंय. तुमच्या हातात कसं बसलं बघा."

आबांनी चावीवरून अंगठा फिरवला. "आसंल पुण्याचं."

"आणि तुम्ही यांचे कोण?"

"पावना हाय मी," आबा म्हणाले. "गावाकडचा."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो.

आता आबा आमच्याकडंच असतात, आणि दर रविवारी सर त्यांना मानानं शिकवणीला बोलावतात. इराला ते म्हणतात, "वा गं बाय." डॉक्टरीणबाईंना म्हणतात, "जमलं की." मला काहीच म्हणत नाहीत. त्या दोघी कधीच वरच्या पातळीत गेल्या. गेल्या रविवारी मला राहवेना. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. "सर, मी खोटं बोललो होतो. हे माझे वडील आहेत. वाद्य पण त्यांचंच आहे."

सर हसले. माझ्या पाठीवर हात ठेवून, समजूत घालावी तसं म्हणाले, "काका, असे वडील असावेत असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. पण तुम्ही खरंच यांचे चिरंजीव असता, तर वर्षभर पहिल्या पातळीत राहिला असता का?"

मी आबांकडं बघितलं. त्यांनी एक शब्द बोलावा, एवढीच माझी इच्छा होती.

आबा बोलले. "सर बरोबर म्हणत्यात."