चारही टोकं उत्तम

माझ्या नवऱ्याची नजर वाईट आहे, हे माझ्या सासरचं बावीस वर्षांचं ठाम मत. मिक्दाद कुणाच्या दारात उभा राहिला की घरची बाई आधी तान्हं मूल आत नेते आणि मग कॉफी आणते. ह्या मताला पुरावेही आहेत. फौजिया आत्याने बैठकीत नवं झुंबर लावलं, तेव्हा ह्याने मान वर करून विचारलं, "हे टांगलंय तरी कशावर?" तिसऱ्या दिवशी झुंबर खालच्या टेबलावर आलं. एका चुलतभावाने पुढचे दात बसवून घेतले. हा म्हणाला, "डावीकडचा जरा हलका वाटतोय." पंधरवड्यात तो दात खजुराबरोबर हातात आला. तेव्हापासून तो भाऊ मिक्दादसमोर ओठ मिटूनच हसतो.

खरं सांगायचं तर मिक्दादला हेवा करताच येत नाही. शहरातल्या बयादर भागात, गॅरेजांच्या गल्लीत तीस वर्षं तो गाड्यांचे पोचे काढतोय. ठोकलेला पत्रा कुठे संपतो आणि मूळचा कुठे सुरू होतो हे बघणं हाच त्याचा धंदा, आणि ती खोड दुकानाचं शटर ओढलं तरी जात नाही. भिंत बघितली तरी तो तिच्यातला जोड बघतो. झुंबराचा हूक ढिला होता म्हणून तो बोलला, बिचारा.

त्या दिवशी झुंबराकडे मीही बघत होते. असलं झुंबर ह्या बाईला शोभतं तरी का, असं मनातल्या मनात म्हणत होते. पण मला कुणी कधी काही विचारलं नाही. मी दृष्ट लागू नये म्हणून तोंडाने माशाअल्लाह म्हणते, कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन जाते आणि माझ्यावर सगळे खूश असतात.

धाकटा दीर हैथम मिक्दादपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला पुढे शिकता यावं म्हणून मिक्दादने पंधराव्या वर्षी शाळा सोडून हातोडी धरली. हैथम इंजिनिअर झाला, आणि गेल्या महिन्यात त्याने स्पोर्ट्स कार घेतली. जुनीच, परदेशातून आलेली. पण दिसायला! बाटलीच्या काचेसारखी हिरवी, जमिनीला टेकलेली, दोन दारं आणि दोनच सीट. दुसरी सीट कुणाची हे सांगायला नकोच. त्याची बायको दीमा. उंच, इंग्रजी शाळेत शिकवणारी, भात दर वेळी खाली लावणारी आणि तरी सासूबाईंकडून "दीमाच्या हाताला काय चव आहे" हे ऐकून घेणारी. मी बावीस वर्षं पिकअपमध्ये बसतेय, मागे वेल्डिंगचं सिलिंडर खडखडत असतं. गाडी बघितली आणि हेवा लपवायला मी सगळ्यांत मोठ्याने मुबारक म्हटलं.

तो शुक्रवार होता. सासूबाईंनी, म्हणजे हज्जाने, मेंढा कापून रक्ताचा पंजा गाडीच्या नाकावर उठवला होता, दृष्ट लागू नये म्हणून. हैथमने रंग खराब होईल म्हणून पाच मिनिटांत तो पाइपने धुऊन टाकला. आरशाला निळा मणी होता, आणि हैथमच्या हातात तपासणीचा कागद.

"वाचून दाखव ना सगळ्यांना," दीमा म्हणाली.

"चासीची चारही टोकं उत्तम," हैथमने वाचलं. "इंजिन उत्तम, गिअर उत्तम, मागच्या चाकांचा दांडा उत्तम. सातच्या सात!"

आमच्याकडे मुलीचं स्थळ बघतानाही इतकी चौकशी होत नाही, आणि सात उत्तम म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. मिक्दादनेही विचारलं नाही. तो नुसता वाकून आत बसला, बोटाच्या पेरांनी गाडीचा तळ वाजवत गेला, ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून गालिच्याचा कोपरा उचलला आणि परत नीट बसवला. फौजिया आत्याने लगेच हज्जाला कोपर मारलं. "बघ. बघतोय बघ कसा."

"माशाअल्लाह म्हण रे बाबा!" हज्जा ओरडली.

"माशाअल्लाह," मिक्दाद म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

परत येताना पिकअपमध्ये त्याने मला सांगितलं. "इब्तिसाम, त्या दोन गाड्या आहेत. पुढचा अर्धा एकीचा, मागचा अर्धा दुसरीचा. सीटखाली मधोमध कापून जोडलंय. वरून पुट्टी, वरून डांबराचा थर."

"कागदावर तर सगळं उत्तम आहे."

"कागद टोकांचा असतो. चार टोकं बघतात, ती चांगलीच आहेत. मधे कोण बघतंय?"

"मग काय होईल?"

"वर्षभर काही होणार नाही. नाहीतर उद्या वेगात एखादा खड्डा लागेल आणि मधून उघडेल. आत माणूस बसलेला असेल." त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "घरी पोचलो की फोन करतो हैथमला."

इथे मी जे बोलले ते मी पुन्हा पुन्हा आठवते. मी म्हटलं, "कर. आणि मग ऐक काय म्हणतात ते. मोठ्याच्या पोटात दुखलं. धाकट्याची गाडी बघवली नाही. तुझं नाव आधीच काय कमी खराब झालंय? तू बोललास की खरंसुद्धा खोटं होईल. गप्प बस. त्याची गाडी, त्याचा कागद."

बोलणं शहाणपणाचं होतं आणि त्याला ते पटलंही. पण ते माझ्या मनात नव्हतंच. माझ्या मनात होतं की ती गाडी मोडावी. कुणी मरावं असं नव्हे, अल्लाह माफ करो. चौकात बंद पडावी, दोन तुकडे व्हावेत, आणि दीमाने उंच टाचांत उभं राहून टॅक्सीला हात करावा. तो कागद तिने वाचायला लावला होता ना, तो तिच्या हातात असावा. एवढंच मला हवं होतं. ते मी मिक्दादला सांगितलं नाही.

शनिवारी गाडीची काच अडकली. रविवारी टायर बसला. "शुक्रवारी मिक्दाद आला होता," एवढं वाक्य फोनवरून घराघरांत फिरलं. रविवारी त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "आता तर मुळीच नको. आता कोण ऐकेल?"

सोमवारी सकाळी हज्जाचा फोन. "हैथम मला इर्बिदला नेतोय, माझ्या बहिणीकडे. नव्या गाडीतून!"

माझ्या हातात मसूर निवडायचं ताट होतं. सासूला आम्ही यम्मा, म्हणजे आई, म्हणतो. यम्मा, बसने जा, एवढंच म्हणायचं होतं. नाहीतर गुडघ्याचं निमित्त काढायचं, पाऊस येणार म्हणायचं. मी म्हटलं, "सुखरूप जा, यम्मा." फोन ठेवला आणि पुन्हा मसूर निवडायला बसले. त्या दिवशी आमटी करपली, दुसऱ्यांदा चढवली तीही करपली. इर्बिदच्या रस्त्यावर कुठे कुठे खड्डे आहेत ते मी आठवत बसले. मिक्दादला दुकानात फोन केला नाही, कारण त्याने लगेच हैथमला केला असता.

दुपार कलल्यावर हज्जा परत आली आणि तिने फोन केला. आमचा मुलगा रकान, म्हणून मला सगळे उम्म रकान म्हणतात आणि मिक्दादला अबू रकान. "उम्म रकान, काय सांगू तुला! विमान गं, विमान! हैथमने एकशेचाळीसवर नेली." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि लगेच, पुढच्या श्वासाला मनात आलं की बावीस वर्षांत ह्या घरातल्या कुणी मला असं कुठे नेलं आहे? लाज सांगते, पण आलं.

संध्याकाळी मिक्दादला इर्बिदचं कळलं तेव्हा त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली. मंगळवारी दुकानातून दुपारीच घरी आला. हैथम-दीमा दुसऱ्या दिवशी पहाटे अकबाला निघणार, वाळवंटातला चार तासांचा रस्ता, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "चल," एवढंच म्हणाला. पिकअपमध्ये त्याने जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या आणि तारेचा ब्रश टाकला होता.

हज्जाच्या अंगणात सगळी होती. फौजिया आत्याही. दीमा गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवत होती. मिक्दादने आडवळण न घेता सांगितलं, "हैथम, ही गाडी अकबाला नेऊ नकोस. मधून कापून जोडलेली आहे."

हैथम आधी हसला. मग तांबडालाल झाला. "काच गेली, टायर गेला, आता चासी? अबू रकान, तू येईपर्यंत माझी गाडी धड होती!"

"धड नव्हती. शुक्र—"

"सातही उत्तम आहेत! तुझे डोळे मोठे की त्यांची यंत्रं? तुला कधी माझं काही चांगलं बघवलंय?"

मिक्दादने त्याच्यासाठी शाळा सोडली हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. मीही नाही. हज्जा तेवढी पुढे झाली आणि मिक्दादच्या गालाला हात लावून समजुतीने म्हणाली, "बाळा, मुद्दाम करतोस असं कोण म्हणतंय? नजर काय, आपल्या आईचीसुद्धा लागते. धू हातपाय, दे पाणी. ओतू गाडीवर, संपलं."

आमच्याकडे हाच उपाय. ज्याची दृष्ट लागली त्याने तोंड, हात, पाय धुवायचे आणि ते पाणी ज्याला लागली त्याच्यावर ओतायचं. मात्र पाणी देणं म्हणजे मान्य करणं की हो, मी जळलो. बावीस वर्षांत मिक्दादने ते कधी दिलं नव्हतं. झुंबराच्या वेळी ह्याच आत्याने घमेलं समोर ठेवलं होतं आणि तो उठून गेला होता.

आज त्याने एकदा गाडीकडे बघितलं. मग बाह्या वर सारल्या. "देतो," म्हणाला. "पण जिथे नजर लागली तिथेच ओतायचं. गाडी वर उचलायची आणि सीटखालचा गालिचा काढायचा."

"काढ," हैथम म्हणाला. "काय हवं ते काढ."

घमेलं मी धरलं, तांब्यातून पाणीही मीच घातलं. त्याने तोंड धुतलं, कोपरांपर्यंत हात धुतले, पाय धुतले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. हज्जा कुराणातल्या आयता म्हणत होती. खरं कोण जळलं होतं, हे त्या अंगणात एकटी मीच जाणत होते आणि मीच पाणी घालत होते.

गाडी घोड्यांवर चढली, सीट निघाली, गालिचा निघाला. हैथमने घमेलं ओतलं आणि रिकामं माझ्या हातात दिलं. "मुरायला हवं," म्हणत मिक्दाद वाकला आणि ओल्या तळावर ब्रश चालवू लागला. आधी डांबराचा काळा थर निघाला. मग पुट्टीचे तुकडे सुटले. मग ह्या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची वेडीवाकडी ओळ दिसली. ओळीच्या अलीकडे हिरव्याखाली पांढरा रंग होता आणि पलीकडे निळा.

"या अल्लाह," फौजिया आत्या कुजबुजली, "रंगसुद्धा बदलला ह्याच्या नजरेने!"

कुणी हसलं नाही. हैथम गुडघ्यांवर बसला आणि त्या ओळीवरून बोट फिरवत दुसऱ्या दारापर्यंत गेला. मला वाटलं, आता उठेल आणि भावाला मिठी मारेल. तो उठला. त्याने विचारलं, "तुला हे कधी दिसलं?"

मिक्दाद ब्रश झटकत होता.

"कधी दिसलं, अबू रकान?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी." हैथमने बोटांवर दिवस मोजले नाहीत, पण मोजले सगळ्यांनीच. "काल यम्मा बसली होती ह्यात. शेजारी. एकशेचाळीसवर होतो मी."

हज्जाने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. झुंबर, दात, काच, टायर, ह्यातलं काही तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. आता मात्र ती मिक्दादकडे अशी बघत होती, की हे मूल आपलंच का? "तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "आणि तू मला जाऊ दिलंस?"

आता तो माझं नाव घेईल. मी घमेलं घट्ट धरलं. हिने सांगितलं, म्हणेल. खरंच आहे ते.

"हो, यम्मा," मिक्दाद म्हणाला. "चुकलं माझं." आणि तो घोड्यांपाशी बसून जॅकचा दांडा फिरवायला लागला. हज्जा आत गेली. हैथम तिच्या मागोमाग गेला, भावाच्या बाजूने जाताना वळसा घालून गेला.

दीमाने माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं. तिचे डोळे भरले होते. तिने मला जवळ घेतलं, मला, आणि मिक्दादला ऐकू जाईल इतक्या जवळून म्हणाली, "उम्म रकान, अशा माणसाबरोबर तुम्ही इतकी वर्षं काढलीत तरी कशी?"

"होते सवय," मी म्हटलं.

जॅकचा दांडा क्षणभर थांबला आणि परत फिरायला लागला.