ट्रॉलीवर मावणारी होडी

बोट तोंडात घालायचं, ओलं करायचं आणि डोक्यावर उभं धरायचं. चहाच्या गाड्यावर, बँकेच्या रांगेत, अगदी मयताला गेले तरी. मग समोर कोण आहे हे न बघता सांगायचं, "वारं पश्चिमेचं हाय. पर दम न्हाय त्यात." तुमच्याही पेठेत असा कुणीतरी असेल, ज्याला शहाणा म्हणायला लोक कचरतात आणि वेडा म्हणायला लाजत नाहीत. आमच्या पेठेतले धाकले तसे होते.

कसबा बावड्याच्या रस्त्याला दोघा भावांची उसाच्या ट्रॉल्या बांधायची शेड होती. मोठ्या भावाला सगळे थोरले म्हणत आणि धाकट्याला धाकले. मी तिथं पहिल्यांदा गेलो तो भांडायला. अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्यांवर सायकलवाले आदळत होते आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. 'ट्रॉलीमागे दिवा लावा, नाहीतर खुनी म्हणवून घ्या!' असं पत्रक मी छापलं होतं. ते थोरल्यांच्या हातात दिलं. थोरले एकेकाळचे पैलवान. त्यांनी पत्रक मोठ्यानं वाचलं आणि त्याला ग्रीसचे हात पुसले.

माझा पारा चढला. तेवढ्यात शेडच्या मागच्या बाजूनं आवाज आला, "पावणं, शब्द झ्याक हायत. पर खुनी म्हनल्यावर कोन दिवा लावतंय? आत या, च्या घ्या."

आत गेलो आणि भांडण विसरलो. ट्रॉल्यांच्या सांगाड्यांच्या मधोमध एक होडी उभी होती. एक नव्हे, तीन वाटाव्यात अशी. मधे एक लांबसडक धड, त्याच्या दोन्ही अंगांना दोन बारकी धडं, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. धाकल्यांनी चार खिळी काढल्या, दांड्या बिजागरीवर फिरल्या आणि पाखरानं पंख मिटावेत तशी बाजूची धडं मधल्या धडाला येऊन चिकटली. "आता ही ट्रॉलीवर मावती," ते म्हणाले. "ट्रॉलीवर मावती म्हंजे ती आपली झाली."

तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत वेल्डर होते. तिथं एका परदेशी माणसाची अशी होडी दुरुस्तीला आली होती. काम झाल्यावर त्यानं ती मिटली, मोटारीमागं लावली आणि नेली. धाकल्यांनी त्या दिवसापासून दुसरं काही डोक्यात येऊ दिलं नाही. तसल्या होडीत नुसतं बसायला मिळावं म्हणून ते होड्यांच्या एका क्लबाच्या दारात गेले, तर पहारेकऱ्यानं पायातल्या चपला बघून परत पाठवलं. हे ऐकून मी तिथल्या तिथं पत्रकाचा मथळा सांगितला: 'समुद्र कुणाच्या बापाचा?' धाकले हसले. "त्यो ज्याला पवता येतंय त्येचा."

होडी पातळ प्लायवूडची होती. डोलकाठीला ॲल्युमिनियमचा पाइप. शीड पेठेतल्या मंडपवाल्याकडून शिवून घेतलेलं. त्यानं सवयीनं कडेला झालर लावून दिली होती, ती धाकल्यांनी तासभर बसून उसवली. सगळा जीव हलकेपणावर. थोरल्यांना नेमकं तेच पटत नव्हतं. अंगठ्यानं प्लायवूड दाबून ते म्हणायचे, "पापड हाय रं ह्यो. लोखंड घाल की जरा."

"दादा, पान्यासंगं कुस्ती न्हाय धरायची. वरच्या वर पळायचं हाय."

"आन् माझ्या ट्रॉल्या कुठं बांधू? तुझ्या डोक्यावर?"

गाळपाचा हंगाम तोंडावर आला होता, ट्रॉल्यांची मागणी लागली होती आणि शेडचा निम्मा भाग होडीनं अडवला होता. थोरल्यांनी अखेर अट घातली. दसऱ्याला होडी पाण्यावर चालली तर राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी करवत. फळ्या ट्रॉल्यांना. मला संताप आला. या गावात कुणी वेगळं काही करायला घेतलं की पहिली करवत घरातूनच निघते! मी तसं थोरल्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "पत्रकवालं, तुमी गप बसा."

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली. ऐरण, घण, वेल्डिंगचं मशीन, सगळ्यांना झेंडूच्या माळा. त्या शेडची एक रीत होती. नवी ट्रॉली बाहेर पडण्याआधी थोरले तिच्या पुढच्या दांड्यावर नारळ फोडायचे. एका दणक्यात, पैलवानी हातानं. त्या दिवशी ट्रॉल्या झाल्या आणि हातात एक नारळ उरला. थोरल्यांनी होडीकडं पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतः जाऊन तिला माळ घातली, हळद-कुंकू लावलं. धाकल्यांचे डोळे भरून आले. ते "दादा—" म्हणेपर्यंत थोरल्यांनी डाव्या बारक्या धडाच्या नाकावर नारळ हाणला.

नारळ फुटला नाही. होडी फुटली.

मूठ जाईल एवढं भोक. थोरले हातातल्या अख्ख्या नारळाकडं बघत उभे राहिले. एवढा मोठा माणूस मी इतका बारका झालेला कधी पाहिला नव्हता. आता धाकले कुदळ घेऊन धावणार असं मला वाटलं. मी असतो तर धावलो असतो. धाकल्यांनी बोट ओलं केलं, वर धरलं. "उद्याला वारं हाय," ते म्हणाले. "पर ह्यो डिंक वाळायला दोन दीस लागत्यात."

"म्हंजे आता करवत?" मी थोरल्यांना टोचलं.

थोरले माझ्यावर खेकसले नाहीत. नव्या कोऱ्या ट्रॉलीपाशी गेले, चाक उतरवलं आणि आतली ट्यूब ओढून काढली. "ही घाल त्या भोकाच्या पोटात. पानी आत आलं तरी ट्यूब बुडतीया व्हय?" ट्यूब दुमडून वरच्या झाकणातून धडात सरकवली आणि पंपानं हवा भरली ती थोरल्यांनी. दुसऱ्या कुणाला पंपाला हात लावू दिला नाही.

दसऱ्याच्या सकाळी ट्रॅक्टरमागं होडी रंकाळा तलावावर आली. माणसं जमली होती, टोमणेही. "शेठ, गोव्याचं तिकीट केवढ्याला?" दांड्या उघडल्या, खिळी बसल्या, शीड चढलं. थोरले न सांगता आत जाऊन बसले.

"दादा, फुटक्या बाजूला नगं. वारं तिलाच दाबनार. तुमी ह्या अंगाला बसा. तुमचं वजन आज कामाला आलं."

आणि होडी निघाली. मला वाटलं होतं हळूहळू निघेल. ती सुटली! टोमणे मारणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. पाण्यावरून थोरल्यांचा आवाज आला, "अरं ब्रेक कुठं हाय? ब्रेक मार की!"

"ब्रेक नसतोय दादा, वळायचं असतंय!"

काठावर मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभा होतो. एकही वाटलं नाही. ओरडत मात्र होतो.

हंगाम संपल्यावर जीपमागं होडी लावून धाकले घाट उतरून गेले. डोलकाठीच्या टोकाला लाल फडकं आणि ट्रॉलीच्या मागं दोन लाल दिवे. थोरल्यांनी हातानं बसवलेले. त्यानंतर त्या शेडमधून एकही ट्रॉली बिनदिव्याची निघाली नाही. माझ्या पत्रकानं जे झालं नाही ते होडीनं केलं, याचा मला थोडा रागच आहे.

धाकले आता कोकणातल्या एका खाडीवर असतात. होड्या बांधतात आणि ज्याला हवं त्याला शीड धरायला शिकवतात. चपला बघत नाहीत. इकडं येणं क्वचितच.

परवाच्या खंडेनवमीला शेडमध्ये गेलो होतो. थोरले नारळ आता दाराशी ठेवलेल्या दगडावर फोडतात. मधली होडीची जागा रिकामी होती. ट्रॉल्या दाटीनं भिंतीला लावल्या होत्या. एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "धाकलं येत्यात का न्हाय दसऱ्याला?"

थोरल्यांनी हात पँटला पुसला, बोट तोंडात घातलं आणि डोक्यावर धरलं.

"पश्चिमेचं हाय," ते म्हणाले. "येईल की."

"आन् घाट काय वाऱ्यावर चढनार हाय व्हय?" गिऱ्हाईक म्हणालं.

"त्येचं काय सांगावं, पावणं," थोरले म्हणाले, आणि मधल्या रिकाम्या जागेतला कचरा झाडायला लागले.