मंगळावर माणशी बारा लिटर

लोककथेला अधिकृत पाठ नसतो, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आले. मंगळावर वसाहत आखायला बसलेल्या तीन मुलींची कथा तर मी रेक्टर असलेल्या वसतिगृहातच घडली, तरी तिचे तीन निराळे पाठ माझ्यापर्यंत आले आहेत. उदगीरच्या पाठात मुली मंगळाचा स्वतंत्र जिल्हा करून घेतात. मुदखेडच्या पाठात त्या रेल्वेनेच रवाना होतात. गाडी कुठल्या फलाटावरून सुटली, एवढाच मतभेद. हदगावच्या पाठात एकीला मंगळावर नोकरी लागते, आणि तीही कायम. त्या दुष्काळात विहिरी आटल्या, पण किस्से साचत गेले. पुढचे किस्से हा चौथा पाठ समजावा. साक्षीदाराचा पाठ अधिक खरा असतोच असे नाही. बहुधा तो कमी रंगतदार असतो, इतकेच.

०

लातूरच्या आमच्या कॉलेजात एका विज्ञान संस्थेची स्पर्धा आली. मंगळावर शंभर माणसांच्या वसाहतीचा आराखडा करायचा होता. निवडलेला आराखडा प्रदर्शनात मांडला जाणार होता. विज्ञान शाखेच्या तिघींनी नाव दिले: जळकोट तालुक्यातली संगीता, उदगीरच्या किराणा व्यापाऱ्याची शिल्पा आणि हदगावच्या तलाठ्याची प्रज्ञा.

पहिल्या बैठकीला मी सहज डोकावले. फळ्यावर एकच आकृती होती: एक चौकोन, आणि त्यापासून निघालेली लांब रेघ.

"हे काय?" मी विचारले.

"टँकर, आणि ही रांग," संगीता म्हणाली.

"आणि श्वास कशावर घ्यायचा?"

"ते बघू की, मॅडम. आधी रांग ठरू द्या. मागून लई भांडणं होतात."

०

नव्या जिल्ह्याची मागणी तेव्हा पुन्हा जोरात होती. उदगीरला बंद, मोर्चे, निवेदने सुरू होती. शिल्पाच्या दुकानाचे शटर महिन्यात दोनदा खाली आले होते. साहजिकच, आराखड्यात राहण्यासाठी दोन हवाबंद घुमट आले तेव्हा दुसरा घुमट सुरुवातीपासूनच वेगळा जिल्हा असावा, असा आग्रह तिने धरला.

"अगं, माणसं शंभर," प्रज्ञा म्हणाली. "दोन कलेक्टर, दोन कचेऱ्या, त्यांचे बाबू, शिपाई. निम्मी माणसं खुर्चीवर बसली तर काम कोण करणार?"

"आत्ता लातूरला कोण करून राहिलंय?"

"पण आधी वस्ती तर होऊ दे."

"न्हाई. मागून मागितलं की मिळत न्हाई. आमचे आजोबा मागत गेले, बाबा मागून राहिले. मला मंगळावर तरी मोर्चा काढायचा न्हाई."

ठराव मंजूर झाला. वसाहतीच्या मुख्यालयाची जागा मात्र दोन्ही घुमटांच्या बरोबर मध्ये ठरली. तिथे हवा नव्हती, हे चौथ्या दिवशी लक्षात आले.

०

वसतिगृहाला पाण्याचा टँकर घेऊन गफूरभाई येत. पाइप सोडला की ते व्हरांड्यात टेकत. एकदा त्यांनी भिंतीवरचे मंगळाचे चित्र बराच वेळ न्याहाळले. लाल माती, दगड, झाड एकही नाही.

"हे गाव माझ्या फेरीत हाय का?" त्यांनी विचारले.

"हे मंगळावर आहे, चाचा."

"असू दे की. रस्ता केवढा ठेवलाय? गाडी वळंल का?"

त्या रात्री सगळा नकाशा खोडला गेला. वसाहतीत पाणी बर्फ वितळवून नळाने येणार होते. टँकरचा संबंधच नव्हता. तरीही प्रत्येक गल्ली टँकर वळेल एवढी रुंद करण्यात आली, आणि त्यासाठी दवाखाना लहान केला.

०

मग प्राचार्यांची नोटीस लागली. टँकर आता चार दिवसांतून एकदा येणार होता, म्हणून वसतिगृह शनिवारी बंद होणार होते. इतर मुलींसाठी ती सुट्टी होती. संगीतासाठी नव्हती. त्यांच्या वस्तीपासून पाणी दोन कोसांवर गेले होते, आणि वडिलांनी आधीच निरोप धाडला होता: वसतिगृह मिटलं की घरी ये, आईच्यानं एकटीनं पाणी होत न्हाई. घरी गेलेली मुलगी कॉलेजात परतत नाही, हे तिला ठाऊक होते. तिच्या दोन्ही बहिणींचे तेच झाले होते.

वसतिगृह यावर चालवू, म्हणत ती मंगळाच्या पाण्याचा तक्ता घेऊन प्राचार्यांकडे गेली. माणशी रोज बारा लिटर. परातीत उभे राहून अंघोळ, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचे फरशीला, फरशीचे संडासाला. प्राचार्य म्हणाले, "जमवून दाखवा."

जमले. तक्ता जिन्यात चिकटवला गेला. नळ वाहता ठेवणाऱ्या मुलीला एकच टोमणा मिळे: "का गं, पृथ्वीवरून आलीस का?" पंधरवड्यात ही शिवी इतकी रुजली की एका मुलीने माझ्याकडे लेखी तक्रार केली. तिला म्हणे सलग तीन दिवस पृथ्वीची म्हटले होते.

शनिवार आला आणि गेला. वसतिगृह उघडेच राहिले.

०

दोन महिन्यांनी बाहेरगावचे परीक्षक आले. सज्जन गृहस्थ. दोन जिल्ह्यांवर ते काही बोलले नाहीत. रुंद रस्त्यांचे त्यांनी कौतुकच केले, दूरदृष्टी म्हणून. पाण्यापाशी मात्र त्यांचे बोट थांबले.

"माणशी बारा लिटर? याला आधार काय? एवढ्यावर मनुष्यवस्ती टिकूच शकत नाही."

"सर, आमचा तिसरा महिना चालू हाय," संगीता म्हणाली.

परीक्षक हसले. "तो नाइलाज झाला, बाळ. आराखडा वास्तवाला धरून हवा. किमान पंचेचाळीस करा, मी शिफारस करतो."

ते चहाला गेल्यावर प्रज्ञा म्हणाली, "खोटं लिहायचं का गं?"

"मंगळावरचंच तर हाय," संगीता म्हणाली. "तिथं कोण मोजाया जाणार?"

तिने बाराचे पंचेचाळीस केले. खाली तिघींनी सह्या केल्या.

०

आराखडा निवडला गेला. वर्तमानपत्रात तिघींचा फोटो आला, प्राचार्यांनी पेढे वाटले, आणि चौथ्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयाचा आदेश लागला. त्याची भाषा निर्दोष होती. वसतिगृहातील विद्यार्थिनींनीच तयार केलेल्या व तज्ज्ञांनी मान्य केलेल्या आराखड्यानुसार माणशी किमान पंचेचाळीस लिटर पाणी आवश्यक असून, तेवढे पुरवणे संस्थेस शक्य नसल्याने वसतिगृह बंद करण्यात येत आहे. मी प्राचार्यांकडे जाऊन बारा लिटरचा तक्ता पुढे ठेवला. ते म्हणाले, "मॅडम, उद्या कुणी विचारलं, तज्ज्ञांचं का ऐकलं नाही, तर मी काय सांगू?"

संगीताला न्यायला वडील आले. बाजारातून त्यांनी प्लॅस्टिकच्या दोन नव्या घागरी घेतल्या होत्या. मला नमस्कार करून ते म्हणाले, "पोरीचा मंगळावर नंबर लागला म्हणं, मॅडम."

"हो."

"बरं झालं."

स्टँडवर जळकोटची गाडी लागली. संगीताने पुस्तकांची पिशवी एका घागरीच्या गळ्यात अडकवून ती काखेत धरली, दुसरी हातात घेतली, आणि वडिलांच्या मागे गाडीत चढली.