जितके पट्टे, तितकी माणसं

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले उपासनेचे तीन महिने, सुरू होता. विहारात न्यायच्या खिरीसाठी मी सकाळीच दूध आटवत उभी होते, तेवढ्यात सुगतचा, माझ्या मुलाचा फोन आला. "आई, मोठी आई गेली. झोपेतच... पलंगावरच." मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वत्सलाताई. दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'जिंकली!' असा. कारण गेली चोवीस वर्षं ही बाई ज्याला त्याला ठणकावून सांगत आली होती, की मी मरीन तर माझ्या घरच्या पलंगावर मरीन, रस्त्यावर मरणार नाही, आणि माझ्या गाडीत बसलेल्या कुणालाही तिथे मरू देणार नाही. ताईंच्या विजय नगरच्या घरी मी पोचले तेव्हा त्या उशीत गाल खुपसून, पाय पोटाशी घेऊन निजलेल्या होत्या. वय वर्षं बहात्तर. पलंगाखाली त्यांचे गाडी चालवायचे कॅनव्हासचे बूट नीट जोडीने ठेवलेले होते.

आमच्या घरचा धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा. जबलपूरच्या गोरखपूर बाजारात दुकान, मागे गोदाम, आणि गोदामात छतापर्यंत रचलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, सतरंज्या, पातेली, कढया. माल पोचवायला एक पिकअप. ती आधी भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, चालवायचे. पुढे साखर त्यांच्या डोळ्यांत उतरली, आणि ताई पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. नऊवारी-पाचवारी काही असो, खाली बूट, आणि केसांच्या अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन. चौकातले पोरगे आधी हसले, मग "दीदी, जरा संभाल के" म्हणू लागले, आणि वर्षभरात रिव्हर्समध्ये अडकले की तेच ताईंना हाका मारायला येऊ लागले. ताईंना मूलबाळ नव्हतं. माझा सुगत दिवसभर त्यांच्याच मागे असे, आणि मला त्याचा थोडा हेवाही वाटे, तो भाग वेगळा.

दरवर्षी अशोक विजयादशमीला आमची सगळी गल्ली नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. चाळीसेक माणसं. जायची ती आमच्याच पिकअपमधून, मागच्या उघड्या भागात, ज्याला आम्ही जबलपूरची माणसं डाला म्हणतो. सतरंजी अंथरायची, म्हाताऱ्यांनी मध्ये बसायचं, पोरांनी कडेच्या लोखंडी पत्र्यावर, आणि तरुण पोरं मागच्या फाळक्यावर पाय सोडून. आता लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा आम्हाला त्यात नुसता आनंद होता. वारा, गाणी, डब्यातल्या पुऱ्या... एका वर्षी सखुबाईंचे, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर आजींचे, गुडघे फार दुखत होते. खाली बसवेना. तेव्हा मी ताईंच्या कानाशी लागून म्हटलं, "ताई, आपला धंदाच खुर्च्यांचा, मग डाल्यात खुर्च्या काहून नाही ठेवत?" ताई हसून 'हो' म्हणाल्या. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं तेव्हा टाळ्या वाजल्या. दहा लाल खुर्च्या डाल्यात मांडल्या गेल्या, आणि आम्ही बायका त्यांवर अशा ऐटीत बसलो, की गोरखपूरचा बाजार थांबून बघत होता. ही अक्कल माझी होती. हे मी पुढे वर्षभर कुणापाशी बोलले नाही.

नागपूरच्या वाटेवर, बरगीच्या पुढे, रस्त्यात एक वासरू आलं. ताईंनी ब्रेक मारला. गाडी फार जोरात नव्हती, ब्रेकही त्यांनी हिसक्याने मारला नव्हता. पण खुर्च्यांना कशाचा आधार? दहाच्या दहा खुर्च्या माणसांसकट घसरत पुढे गेल्या आणि एकमेकींवर आदळल्या. सहा वर्षांचा सुगत माझ्या मांडीवर होता. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं. तरी तो माझ्या हातांतून असा सुटला, की जणू मी धरलंच नव्हतं... हनुवटी फुटली, उजवा हात कोपरावर मोडला. आईने घट्ट धरलं की मूल सुखरूप, हा माझा समज त्या क्षणी संपला. ताई उतरून मागे आल्या, सुगतला घेतलं, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात प्लॅस्टर होईपर्यंत त्याला मांडीवरून उतरवलं नाही. सगळे त्यांची समजूत घालत होते, की वासरूच आलं, तुम्ही काय करणार. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सगळे माझी चूक नाही म्हणून राहिले. पण गाडी तं माझी आहे ना?"

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी विहारात बैठक बसली. आमचे गजभिये काका कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज लाउडस्पीकरसारखा. ते म्हणाले, "वत्सलाबाई, गाडी नेहमीसारखी पाचला आणा."

"आणते ना. तांदूळ, भांडी, सतरंज्या, समदं नेते. माणसं नाही नेत."

"म्हणजे?"

"म्हणजे डाल्यात माणूस बसणार नाही. समोर सीटचे दोन पट्टे आहेत, एक माझा, एक ज्याला पाहिजे त्याचा. जितके पट्टे, तितकी माणसं."

"अच्छा! मग बाकीचे काय उडत जातील? चाळीस जण आहेत वं बाई!"

"चाळीस आहेत म्हणूनच सांगून राहिली."

मग जो गदारोळ झाला तो काय सांगू. कुणी म्हणालं, गर्व झाला. कुणी म्हणालं, एक हात मोडला तर एवढं काय, पोरांचे हात मोडतातच. काका तावातावाने म्हणाले, तुमची गाडी नको, मी दुसरी पिकअप आणतो. पण ताईंना लागलं ते या कशानेच नाही. सखुबाई उठल्या, भिंतीला धरून ताईंपाशी आल्या आणि म्हणाल्या, "वत्सले, मी हर साल गेली वं. आता तुझ्या पट्ट्यापायी माझी दीक्षाभूमी राहीन का?" ताईंचा चेहरा मी पाहिला. सखुबाई दुसऱ्या पिकअपच्या डाल्यात बसून गेल्या, तर वाटेत काय होईल याची भीती. आणि गेल्याच नाहीत, तर आयुष्यभराचा सल. दोन्हीकडून दोष ताईंच्याच माथी येणार होता. आणि मी, जिच्या मुलाचा हात मोडला होता, मी तिथे सतरंजीचा धागा ओढत गप्प बसले होते. बोलले असते तर खुर्च्यांची गोष्ट निघाली असती.

त्यानंतरचे आठ दिवस ताई दुकानात फारशा दिसल्याच नाहीत. घरी आल्या की "चलो, बघू" म्हणून जेवायला बसायच्या. मला वाटलं, बाई खचली.

निघायच्या दिवशी पहाटे गल्लीच्या तोंडाशी काकांनी आणलेली दुसरी पिकअप उभी होती. डाल्यात सतरंजी अंथरलेली. पोरं चढायच्या बेतात. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला आणि ताईंची पिकअप आली, आणि तिच्या मागे... एक आख्खी पिवळी बस! मदन महलकडच्या एका शाळेची, दसऱ्याच्या सुट्टीत रिकामी उभी असलेली. ताईंनी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं होतं, की तुमच्या स्नेहसंमेलनाला सगळ्या खुर्च्या माझ्या, मला दोन दिवस तुमची बस आणि ड्रायव्हर द्या. पहिल्या दोन शाळांनी 'नाही' म्हटलं होतं, तिसरीने 'हो' म्हटलं. खुर्च्यांनी केलेलं खुर्च्यांनीच निस्तरलं. ताई गाडीतून उतरल्या आणि त्यांनी बसचं दार उघडून धरलं.

कुणी हलेना. काका पिकअपपाशी हाताची घडी घालून उभे. माणसं एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा बसकडे. काकांना दुखवायचं कुणी? तेव्हा मी वर्षभर दाबून ठेवलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. मी मोठ्याने म्हटलं, "मागच्या वर्षी डाल्यात खुर्च्या ठेवायची अक्कल माझी होती! ताईंची नव्हती. सुगतला मी दोन हातांनी धरलं होतं, तरी तो सुटला. मी माझं पोर आता डाल्यात घालणार नाही. कुणाला राग येवो की लोभ!" आणि सुगतचा हात धरून मी बसमध्ये चढले. मागे वळून पाहिलं तर सखुबाई काठी टेकत येत होत्या. "मला खिडकीपाशी बसव वं," त्या ताईंना म्हणाल्या, "वारा तं पाहिजे ना." बस मग पाच मिनिटांत भरली. पोरांनी मागची सीट पकडली. गल्लीत उरले एकटे गजभिये काका, आणि रिकाम्या डाल्यातली ती सतरंजी.

ताई त्यांच्यापाशी गेल्या. "काका, माझ्या बाजूची सीट रिकामी आहे. पट्ट्यासकट."

काका बसले. फुगून बसले, पण बसले. वाटेत सिवनीला चहा पिताना म्हणाले, "बाई, गाडी चांगली चालवता तुम्ही." मी बसच्या खिडकीतून हे पाहत होते आणि मला हसूही येत होतं, रडूही. दीक्षाभूमीवर सखुबाईंना आम्ही हाताला धरून नेलं. स्तूपासमोर हात जोडून झाल्यावर त्यांनी वळून ताईंच्या गालावरून हात फिरवला. ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. नंतर आणखी तीन वर्षं सखुबाई आल्या, दरवर्षी खिडकीपाशीच.

तेव्हापासून ताईंचा नियम म्हणजे नियम. घरी पंगतीला पन्नास माणसं आली तरी पानं वाढणारी ही बाई, गाडीत एक माणूस जास्तीचं घेत नसे. माझ्या भाचीच्या लग्नात वरपक्षाच्या विहीणबाई नातवाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. ताई म्हणाल्या, "पोराला मांडीवर घ्यायचं तं घरी घ्या, लई लाड करा. गाडीत नाही." विहीणबाईंनी नाक मुरडलं, आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात लग्न मोडलेलं पाहिलं, पण लग्न काही मोडलं नाही. पोरगं मागच्या मोटारीत आपल्या आईशेजारी पट्ट्यात गेलं. ताई कधी कुणाला 'पट्टा लावा' म्हणत नसत, हेही सांगायला हवं. त्या चावीवर हात ठेवून समोर बघत बसायच्या, बस्स. 'खट्' असा आवाज आला की गाडी सुरू. साडी चुरगळते म्हणून मी कितीदा तरी पट्टा नुसता मुठीत धरून लावल्याचं सोंग केलं असेल. ताई मान न वळवता म्हणायच्या, "आवाज नाही आला."

सुगतला मुलगी झाली तेव्हा लोकांनी चांदीचे वाळे आणले, झबली आणली. ताई आल्या त्या एक भलंमोठं खोकं घेऊन. त्यात लहान बाळासाठीची गाडीत बसवायची खुर्ची होती. "आयुष्यभर दुसऱ्यांना खुर्च्या भाड्याने दिल्या," त्या म्हणाल्या, "ही पहिली, जी परत मागणार नाही." तोवर जुनी पिकअप जाऊन दोन रांगांच्या सीटची नवी आली होती. मागच्या रांगेत ती खुर्ची ताईंनी स्वतः बांधली, हलवून पाहिली, पुन्हा घट्ट केली, मग भाऊजींना खेचून पाहायला लावली. भाऊजींना धड दिसत नव्हतं, पण ओढायला दिसायची गरज नव्हती. पुढल्याच वर्षी भाऊजी गेले. तेही पलंगावरच.

इतक्या वर्षांत ताईंच्या गाडीत काहीच घडलं नाही. चोवीस वर्षं, रोज, बाजारातून, चढावरून, पावसातून... आणि सांगण्यासारखी एकही गोष्ट नाही. लोक पराक्रम सांगतात तेव्हा काय काय घडलं ते सांगतात. माझ्या जाऊबाईंचा पराक्रम असा, की एकही आई दवाखान्याच्या बाकावर बसली नाही. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो मी त्या जिवंत असताना पुरेसा बोलून दाखवला नाही, याचं वाईटही वाटतं.

परवा, त्या गेल्यानंतर सहा आठवड्यांनी, आम्ही नागपूरला निघालो. आता तीन बसेस लागतात. पहिल्या बसच्या दाराशी गजभिये काका होते, पाठीत वाकलेले, पण आवाज तोच. कुठल्याशा नव्या भाडेकरूने त्यांना विचारलं, "काका, दोन पोरं पिकअपच्या मागे बसली तर चालेल ना?" काका असे काही गरजले, की आख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. "मागे सामान! माणूस बसमध्ये!" बसमधली सगळी पोरं खिडकीतून डोकावून तेच ओरडली, "मागे सामान!" हा नियम कुणामुळे आला, ते त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नसेल.

बसेस भरल्या. माझ्यासाठी जागा उरली ती पिकअपमध्ये, सुगतच्या शेजारी. इतकी वर्षं ताई चालवत तेव्हा मी याच सीटवर बसत आले. आता ताईंच्या जागेवर सुगत होता. त्याच्या हनुवटीवर तो जुना व्रण अजून आहे. मागच्या रांगेत सूनबाई, आणि तिच्या शेजारी खुर्चीत बांधलेली माझी नात. डाल्यात भांडी, तांदूळ आणि लाल खुर्च्या, दोरखंडाने आवळलेल्या. ताई नाहीत हे मला त्या क्षणी एकदम कळलं, सहा आठवड्यांत कळलं नव्हतं इतकं. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "चल बाबा."

सुगत हलला नाही. बसेस निघाल्या, धूळ उडाली, तरी हा तसाच.

"काहून थांबला रे?"

तो चावीवर हात ठेवून समोर बघत बसला.

मी पट्टा ओढला. खट्.

गाडी निघाली.