भुरीबाईच्या पाच वाट्या

किन्हीराजाजवळच्या तांड्यावर लखीरामच्या घरात भाजी कशी झाली हा विषय चाळीस वर्षांत कधी निघालाच नाही. बायकोनं, नानीबाईनं, ताट पुढं करायचं, लखीरामनं ते पुसल्यासारखं रिकामं करायचं आणि मिशीवरून हात फिरवून उठायचं. हात दोनदा फिरला तर भाजी बरी झाली, असा अर्थ नानीबाईनं आपला आपणच लावून घेतला होता. त्रेपन्न सालच्या पौषात ती गेली. मिशीकडं बघणारं कोणी उरलं नाही.

दिवसकार्य आटोपून पाहुणे गेले, तशी शेजारची भुरीबाई सांजेला वाटीतून भाजी आणून देऊ लागली.

"काका, भाकर तं जमते ना?"

"जमते. वाकडी होते."

"होऊ द्या. पोटात गेल्यावर कोन पाह्यते!"

दिवसभरात लखीरामशी कोणी बोललं तर एवढंच.

घोडं अडलं वाटीपाशी. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हा रिवाज. आणि नानीबाईचा तर त्याहून कडक. चिमूटभर साखर टाकून भागवणाऱ्या बायांवर ती नाक मुरडायची. "दाने-साखर तं मांगनाऱ्याले बी टाकतात. वाटीत हातचं रांदलेलं पाह्यजे!"

लखीरामनं एकदा बेसन रांधून पाहिलं. दारातल्या कुत्र्यानं ते हुंगलं, धन्याकडं कीव करून पाहिलं आणि दुसऱ्याच्या अंगणात मुक्काम हलवला.

मग त्यानं वाटी राखेनं घासून फळीवर ठेवली. काहीतरी जमलं की देऊ. तोवर दुसरी आली. बघता बघता पाच झाल्या. वाट्या मागायची भुरीबाईला लाज, रिकाम्या द्यायची याला. भाजी पळसाच्या पानावर येऊ लागली. मग तीही थांबली. म्हातारा वाटी देत नाही, भाजीबद्दल चकार शब्द काढत नाही. आपल्या हातचं रुचत नसेल, असं तिनं धरलं.

आठ दिवस लखीरामला कोणी हाक मारली नाही. सांजेला भुरीबाईच्या चुड्यांचा आवाज कुडापलीकडं यायचा आणि तिथंच राहायचा. नवव्या दिवशी त्यानं पाचही वाट्या पटक्यात बांधल्या आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"रिकाम्याच आनल्या, पोरी. मले रांदता येत नाही."

लखीरामनं घाबरून एकेक वाटी ओट्यावर मांडली. "याच्यात अंबाडी होती. लसून झकास. याच्यात कढी, मी बोटानं पुसून खाल्ली. हे वांगं. हे मुगाचं वरण. अन् याच्यात मीठ दोनदा पडलं होतं."

"अगं बाई! मंग फेकलं काहून नाही?"

"तू आनलं होतं ना."

भुरीबाई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "काकीले सांगत होते काय असं कदी?"

लखीराम पटका झटकत राहिला. झटकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सांजेला वाटी आली. लखीराम जेवला. मिशीकडं गेलेला हात त्यानं मध्येच खाली घेतला आणि विझलेल्या चुलीकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "चांगली झाली."

मग वाटी घासून, तशीच रिकामी घेऊन, भुरीबाईकडं निघाला.