लवळ्याची व्याख्यानं आणि नांद्याची बोलणी

चांदे गाव मागे पडलं आणि रिक्षातून लवळ्याचा डोंगर पहिल्यांदा दिसला. खाली पोटरीत आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात, मध्येच उंच इमारती आणि वर, ढगात अर्धं बुडालेलं विद्यापीठ. सोलापूरकडच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. मानवी हक्क, लोकशाही आणि शांततेच्या वाटाघाटी, अशा तीन व्याख्यानांसाठी मला इथे बोलावलं होतं. आमच्याकडच्या कोरड्या रानातून आल्यामुळे माझं निम्मं लक्ष त्या हिरव्यागार खाचरांकडेच होतं (खाचर म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत).

पहिली दोन व्याख्यानं सुरळीत झाली. मुलं देशभरातून आलेली. कँटीनमध्ये एकाच टेबलावर तीन-चार भाषा ऐकू यायच्या. वाटाघाटींवर बोलताना मात्र प्रोजेक्टर बंद पडला. ते बरंच झालं, कारण मुलं प्रश्न विचारू लागली. सायली नावाच्या मुलीने विचारलं, दोन्ही बाजू एकमेकांचं तोंडही पाहत नसतील तर सुरुवात कुठून करायची? मी म्हटलं, दोघांनाही ज्याला नाही म्हणता येणार नाही, असा तिसरा माणूस शोधायचा.

तास संपल्यावर ती जवळ आली. ती डोंगराखालच्या नांद्याची, घरून स्कूटरवर ये-जा करणारी. तिने मला दुपारच्या जेवणाला घरी बोलावलं आणि मी आनंदाने हो म्हटलं. तो तिसरा माणूस म्हणजे मीच, हे तिने वाटेत सांगितलं.

तिचे वडील दत्ताभाऊ आणि थोरले काका रघुतात्या एकाच अंगणात राहतात. रस्त्याकडेची आपल्या वाटणीची जमीन दत्ताभाऊंनी इमारतीसाठी विकली. शेजारची आपली जमीन तात्यांनी विकली नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. पाहुण्या बाई येणार म्हणून तात्या जेवायला तयार झाले होते.

मला मध्ये बसवलं, दोघे दोन बाजूंना. तांदळाची मऊ भाकरी, घमघमणारा इंद्रायणीचा भात आणि खेकड्यांचं कालवण. खेकडा कसा फोडायचा हे मला ठाऊक नव्हतं. रस्सा थेट पदरावर उडाला. दोघेही हसले, पण वेगवेगळ्या दिशांना बघून. बोलणं सगळं माझ्यामार्फत चाललं होतं. दत्ताभाऊ मला म्हणत, भाकरी हवी का विचारा त्यांना. तात्या मलाच सांगत, पोट भरलंय म्हणावं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, खेकडे शेतातलेच का? वरच्या ओढ्यातले, असं दत्ताभाऊंनी सांगितलं.

“आमच्या खाचरात आता खेकडा ऱ्हायला न्हाई, बाई,” तात्या म्हणाले. “बिल्डिंगचं घाण पाणी सरळ भातात येतंय.”

दत्ताभाऊंचा हात ताटातच थांबला. “मला ह्ये म्हाईत न्हवतं,” ते माझ्याकडे बघून म्हणाले.

“बोलला असतास तर म्हाईत झालं असतं.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. तात्या सरळ भावाकडे बघत होते. सायलीच्या आई भात वाढता वाढता थांबल्या. आता भांडण पेटणार, असं मला वाटलं.

दत्ताभाऊ उठले, हात धुतले आणि अनवाणीच मागच्या दाराने बाहेर पडले. थोड्या वेळाने तात्याही निघाले. त्यांच्या मागोमाग सायली आणि मी, निसरड्या बांधावरून एकमेकींना धरत. इमारतीच्या भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता आणि त्याखालचं भात पिवळं पडलं होतं. दत्ताभाऊ चिखलात उतरले, ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी वास घेतला आणि ते टाकून दिलं.

“उद्या त्या बिल्डरच्या हापिसात जातो,” ते म्हणाले.

तात्या बांधावरूनच बोलले.

“सकाळी जा. दुपारनंतर त्यो कुणाला भेटत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. व्याख्यानं कशी झाली, असं सोलापूरला सगळ्यांनी विचारलं आणि चांगली झाली, असं मी सांगत राहिले. आठवड्याने सायलीचा फोन आला. पाइप अजून तिथेच होता, बिल्डरने नुसता शब्द दिला होता. पण त्याच्याकडे दोघेही गेले होते.

“एकत्र?” मी विचारलं.

“एकाच वेळी निघाले, मॅडम. पण वेगवेगळ्या गाड्यांवर.”

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी ते चित्र मनात जुळवत बसले: पुढे कोण असेल, आणि मागच्याने मध्ये अंतर किती ठेवलं असेल?